किरमिजी म्हणजे नेमका कोणता रंग?
किरमिजी म्हणजे किंचित निळसर झाक असलेला गडद लाल रंग. हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याच्या मुळाशी ‘किर्म’ म्हणजे किडा हा शब्द असून संस्कृतातील ‘कृमी’ त्याच कुळातला आहे.

रंगाला किड्याचे नाव पडले, कारण तो खरोखरच किड्यांपासून मिळत असे. भूमध्य समुद्राच्या परिसरात ओकच्या झुडपांवर वाढणाऱ्या किरमीज किड्यांच्या माद्या वाळवून त्यापासून लोकर व रेशीम रंगवले जाई. वाळलेल्या माद्या दाण्यांसारख्या दिसत, त्यामुळे अनेकांना त्या बियाच वाटत. अरबीतून हा शब्द युरोपात गेला. इंग्रजीतील ‘क्रिमझन’ आणि ‘कार्माइन’ हे शब्द त्यातूनच घडले.

१६ व्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून निवडुंगावरच्या कोचिनील किड्याचा रंग युरोपात नेला. तो कितीतरी पट गडद असल्याने जुना किरमीज मागे पडला. १९ व्या शतकात कृत्रिम रंग आले, तरी कोचिनीलपासून केलेला कार्माइन आजही काही खाद्यपदार्थांत आणि लिपस्टिकमध्ये वापरतात. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर तो ‘१२०’ या क्रमांकाने ओळखता येतो. शाकाहारी व्यक्तींनी हा क्रमांक लक्षात ठेवावा.