गाद्या, घड्याळ आणि गाण्याची खोली

नव्या फ्लॅटची चावी मिळाल्यावर रिकाम्या हॉलमध्ये बोलून पाहिलंय कधी? आवाज कसा घुमतो! पुढे सोफा येतो, पडदे लागतात, कपाटं भरतात आणि तो घुमणारा आवाज नाहीसा होतो. आपण म्हणतो, "आता कसं घर वाटतंय!" पण नेमकं काय झालं? हे पहिल्यांदा मोजून सांगणारा माणूस आमच्या बॉस्टनचा. म्हणजे चार्ल्स नदीच्या पलीकडच्या हार्वर्डचा. नाव वॉलेस सेबिन.

१८९५ मध्ये हार्वर्डमध्ये फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. देखणी इमारत, पण तिच्यातल्या व्याख्यानगृहात बोललेलं अक्षर समजेना. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राही, आणि तेवढ्यात वक्त्याचे पुढचे दहा-पंधरा शब्द त्यात मिसळून जात. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी, चार्ल्स एलियट यांनी, हे काम पदार्थविज्ञान विभागातल्या सेबिनवर सोपवलं. वय वर्षं २७, आणि ध्वनिशास्त्राचा खास अनुभव नाही.

त्या काळी मायक्रोफोन-अ‍ॅम्प्लिफायर वापरून मोजणं शक्यच नव्हतं. सेबिनची साधनं म्हणजे ५१२ हर्ट्झची ऑर्गनची नळी, वेळ नोंदणारं यंत्र आणि स्वतःचे कान. नळी बंद केल्यापासून आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. दिवसा ट्राम आणि माणसांचा गलबला, म्हणून काम मध्यरात्रीनंतर. जवळच्या सँडर्स थिएटरमधून बाकांवरच्या गाद्या उचलून आणायच्या, थोड्या थोड्या पसरत जायच्या, दर वेळी मोजायचं आणि उजाडायच्या आत सगळ्या परत नेऊन ठेवायच्या! गाद्यांनी खोली जवळजवळ भरली तेव्हा साडेपाच सेकंदांचे सव्वा सेकंदाच्या आसपास झाले. मोजणाऱ्या माणसाचे कपडेसुद्धा आवाज शोषतात हे लक्षात आल्यावर तो दर वेळी तेच कपडे घालू लागला.

या आकड्यांमागचा नियम त्याला १८९८ मध्ये सापडला. खोलीचं घनफळ जितकं मोठं तितका आवाज जास्त वेळ रेंगाळतो. शोषणारं क्षेत्र जितकं जास्त तितका कमी. मीटरमध्ये मोजलं तर सेकंद = ०.१६ × घनफळ ÷ शोषण. आणि शोषणाचं माप काय? उघडी खिडकी! खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक एकक. त्यालाच पुढे 'सेबिन' म्हणू लागले.

फॉगच्या भिंतींवर नमदे लावून ते सभागृह वापरण्याजोगं झालं. (ती इमारत १९७३ मध्ये पाडली.) खरी परीक्षा मात्र बॉस्टनच्या सिंफनी हॉलची होती. इथे हिशेब आधी आणि बांधकाम नंतर. १५ ऑक्टोबर १९०० ला हॉल उघडला. सुरुवातीला काही समीक्षकांनी नाकं मुरडली, पण आज व्हिएन्ना आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या सभागृहांबरोबर त्याचं नाव घेतात. गंमत म्हणजे सेबिनचा हिशेब २.३१ सेकंदांचा होता. प्रेक्षकांनी भरलेल्या हॉलमध्ये आता १.९ च्या आसपास भरतात. आकडा थोडा चुकला, पण दिशा बरोबर होती.

आता आपल्या घराकडे येऊ. ५ बाय ४ मीटरचा हॉल, उंची २.८ मीटर, खाली फरशी, भिंती गिलाव्याच्या. म्हणजे ५६ घनमीटर. रिकामा असताना हिशेबाने निनाद तीन सेकंदांच्या वर जातो. गालिचा, जाड पडदे, सोफा आणि चार माणसं आली की तो अर्ध्या-पाऊण सेकंदावर येतो. गाणं ऐकायला हे छान. म्हणजे महागडे स्पीकर घेण्याआधी एक जाड गोधडी टांगून बघावी!

पण छोट्या खोलीत सेबिनचा नियम सगळीकडे चालत नाही. मॅनफ्रेड श्रोडरने १९५४ मध्ये दाखवलं की एका ठरावीक कंपनसंख्येखाली खोलीच्या भिंतींमध्ये लाटा उभ्या राहतात. आपल्या हॉलसाठी ती सीमा साधारण २०० हर्ट्झ. पाच मीटर लांबीत पहिली लाट ३४ हर्ट्झची, पुढची ६८ ची. म्हणून डग्ग्याचा घुमारा कोपऱ्यात नको इतका आणि दोन पावलं सरकलं की गायब. इथे पडद्यांचा काही उपयोग नाही. एवढ्या लांब लाटेपुढे पडदा म्हणजे मच्छरदाणी.

मी माझ्या तळघरात लॅपटॉप आणि मोजमापाचा मायक्रोफोन लावून हे मोजलं. सेबिनला रात्री जागून जे मिळायचं ते काही सेकंदांत पडद्यावर उमटलं. सगळ्यात मोठा फरक कशाने पडला? खुर्ची मागच्या भिंतीपासून सव्वा मीटर पुढे ओढल्याने. खर्च शून्य.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी आवाज आवडला नाही तर दुकानात धावू नका. आधी खोलीत एक टाळी वाजवा आणि ती कुठे, किती वेळ रेंगाळते ते ऐका. कान तर आपल्याकडे आहेतच, गाद्याही आहेत.