पनवेलकरांचा परदेश

एखाद्या शहरात परदेशात जन्मलेली माणसे किती, हा जनगणनेतला एक साधा रकाना असतो. आपण तो वाचतो तेव्हा लंडन, न्यूयॉर्क, दुबई अशी मोठी शहरे डोळ्यांपुढे येतात. पनवेलचे नाव काही आठवत नाही. पण इस्रायलमधल्या अश्दोद, बीरशेबा, लोद, दिमोना या गावांच्या खानेसुमारीत हा रकाना भरणाऱ्यांमध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातली, कुलाबा जिल्हा म्हणून ज्याला ओळखत होते त्या भागातली, हजारो माणसे होती. जन्म भारतातला, बोली मराठी आणि आडनावे पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर अशी. आज मी त्यांच्याविषयी, म्हणजे बेने इस्रायल समाजाविषयी बोलणार आहे.

पनवेलच्या जुन्या गावात या समाजाचे ‘बेथ एल’ हे प्रार्थनालय आहे. ते १८४९ चे. रेवदंडा, अलिबाग, पेण येथली प्रार्थनालयेही त्याच सुमाराची. समाजातले जुने लोक प्रार्थनालयाला सिनेगॉग म्हणत नसत, ‘मशीद’ म्हणत. आजूबाजूच्या मुसलमान शेजाऱ्यांचाच शब्द त्यांनी उचलला होता.

हे लोक इथे आले कसे? त्यांची परंपरा सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचा हा विस्तार. काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मात्र शेकडो वर्षे हा समाज कोकणातल्या खेड्यांत विखुरलेला होता आणि घाण्यावर तेल गाळण्याचा धंदा करीत होता, याविषयी शंका नाही. शनिवारी हे लोक घाण्याला बैल जुंपत नसत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. या नावात परकेपणा कुठेच नाही. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. गावगाड्याने एवढीच नोंद घेतली आणि त्यांना सामावून घेतले.

त्यांनीही गावाला आपलेसे केले. सॅम्युएलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी. सणांना अस्सल मराठी नावे पडली. नववर्षाचा तो ‘नव्याचा सण’, मोठ्या उपासाचा ‘दारफळणीचा सण’, दुसरा एक ‘खिरीचा सण’, आणि एका उपासाचे नाव तर ‘बिरड्याचा रोजा’. श्रावणात वाल भिजवून बिरडे करणाऱ्या कोकणी माणसाला या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करायचा. त्यात पोहे, गूळ, ओला नारळ आणि फळे. देव वेगळा, पण ताट कोकणचे.

आता पनवेलच का, ते पाहू. पनवेल हे खाडीवरचे बंदर. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेलला उतरे आणि इथून घाट चढे. माल उतरायचा, बैलगाड्या भरायच्या, वाटसरूंची सोय करायची, अशा गावात तेलाला गिऱ्हाईक होते आणि चार पैशांची उलाढाल होती. प्रार्थनालय उभारण्याइतकी वस्ती आणि ऐपत त्यातून आली. पुढे १८६३ मध्ये रेल्वेने बोरघाट ओलांडला, तो कल्याण-कर्जत मार्गाने. पनवेल बाजूला पडले. गिरण्यांतले तेल बाजारात आल्यावर घाणाही मागे पडला. बेने इस्रायलांचे मुंबईला जाणे त्याआधीच, अठराव्या शतकात सुरू झाले होते. ते आता वाढत गेले.

मुंबईत त्यांना पलटणीत जागा मिळाली. त्याच पलटणीतल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतले पहिले प्रार्थनालय बांधले. पुढे रेल्वे, टपाल, जकात, इस्पितळे, शाळा असे मार्ग खुले झाले. तेली गेला आणि कारकून, सुभेदार, परिचारिका, शिक्षिका आल्या. १९३७ साली डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. घाण्यापासून महापौरपदापर्यंतचा हा प्रवास काही पिढ्यांचा आहे. पण गावाशी संबंध तुटला नाही. आडनावात गाव होतेच, सुट्टीत घरी येणे होते, आणि मरण आले तर आपल्याच मातीत पुरण्याची इच्छा होती.

मग १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले. भारताने सप्टेंबर १९५० मध्ये त्याला मान्यता दिली. १९५१ च्या जनगणनेत भारतात २६ हजारांहून अधिक ज्यू होते. त्यांत बहुसंख्य बेने इस्रायल. १९७१ च्या जनगणनेत हा आकडा सहा हजारांच्या आत आला. वीस वर्षांत समाज रिकामा झाला.

हे लोक का गेले, हा प्रश्न मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. युरोपातून ज्यू गेले ते जीव वाचवायला. इथे तसे काहीच नव्हते. कोकणात त्यांच्या घरावर कोणी दगड मारला नव्हता. धर्माची ओढ होती, ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ ही इच्छा सणाच्या प्रार्थनेत पिढ्यान्पिढ्या उच्चारली होती. इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांतले आपले स्थान टिकेल का, ही काळजी होती. आणि एकदा भाऊ गेला की बहीण जाते, मुलगा गेला की आईबाप जातात. आपल्याकडची गिरणगावातली वस्ती अशीच वाढली. स्थलांतराचा हा नियम सगळीकडे सारखाच.

तिकडे पोहोचल्यावर मात्र वेगळेच वाढून ठेवले होते. वाळवंटातल्या नव्या वसाहतींत घरे मिळाली, अंगमेहनतीची कामे मिळाली, आणि रंगावरून बोलणीही ऐकावी लागली. १९५१ च्या अखेरीस बीरशेबाकडच्या काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या दारात ठाण मांडले, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना विमानाने मुंबईला परत आणावे लागले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्याची खटपट केली. घर दोन्हीकडे होते आणि कुठेच पुरते नव्हते.

खरा घाव बसला तो १९६२ मध्ये. तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिल्या, की बेने इस्रायल वधूवरांच्या आईकडच्या पिढ्या तपासा. त्यात परधर्मीय तर कोणी नाही ना, याची खात्री करा. शेकडो वर्षे ज्यांनी शनिवारी घाणा चालवला नाही, त्यांनाच ज्यूपणाचा दाखला मागितला गेला. समाज उठला. मोर्चे निघाले, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले. अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव करून बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत असे म्हटले आणि धर्मपीठाला सूचनेतून समाजाचे नाव वगळावे लागले.

यातली विसंगती पाहा. ज्या कोकणात ते बाहेरून आले, तिथे त्यांना कोणी परके म्हटले नाही. ज्या भूमीला ते आपली म्हणून गेले, तिथे ते ‘भारतात जन्मलेले’ ठरले. इस्रायलच्या आकडेवारीत अनेक दशके अशी पद्धत होती, की माणसाचा जन्म कुठला ते पाहायचे, तो इस्रायलमधला असेल तर बापाचा जन्म कुठला ते पाहायचे, आणि बापही तिथलाच असेल तर ‘मूळ इस्रायल’ असे लिहायचे. म्हणजे पनवेलला जन्मलेल्या आजोबांचा नातू आकड्यांतून भारतीय उरत नाही. सरकारी कागद तिसऱ्या पिढीत गाव विसरतो.

माणसे मात्र इतक्या लवकर विसरत नाहीत. इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले, नोहा मस्सील यांनी ते चालवले. दिमोनात भारतीय मसाले आणि मिठाई मिळते. मलिदा आजही होतो. लग्नाआधी मेंदीचा कार्यक्रम असतो.

आणि इकडे? २६ जुलै २००५ च्या महापुरात पनवेलच्या बेथ एलमध्ये पाणी शिरले आणि चामड्यावर हाताने लिहिलेल्या पवित्र तोराच्या गुंडाळ्या खराब झाल्या. ज्यू धर्मात अशी निकामी झालेली पोथी टाकून देत नाहीत, माणसासारखी पुरतात. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या अनेक प्रार्थनालयांपुढे आज इमारतीच्या डागडुजीइतकाच हा दहा माणसांचा प्रश्न आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा संख्या फार थोडी उरली होती.

पनवेल मात्र भरत गेले. १९७० मध्ये सिडको आली, नंतर न्हावा-शेव्याचे बंदर, लोकल गाड्या, द्रुतगती मार्ग. २०११ मध्ये शहराची वस्ती १ लाख ८० हजार होती, २०१६ मध्ये महापालिका झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तालुक्यातल्या विमानतळाचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे येत आहेत. त्यांना ‘बाहेरचे’ म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. अशा वेळी शनवार तेल्यांची गोष्ट जरूर सांगावी. जहाज फुटून आलेल्या माणसांना या किनाऱ्याने दाखला मागितला नाही. धंदा पाहिला, सुट्टीचा वार पाहिला आणि त्यावरून नाव ठेवले. ती माणसे गेली तेव्हा आपल्या गावांची नावे बरोबर घेऊन गेली. ज्या गावाने माणसाला आपले म्हटले, त्याचेच नाव माणूस असा सातासमुद्रापार मिरवतो.