बडोदा संस्थानातील बाल व कुटुंबकल्याणविषयक कायदे

बडोद्याचे तिसरे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांच्या कारकिर्दीत मुलांच्या व कुटुंबाच्या हितासाठी झालेले कायदे. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झाला आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात लागू झाला. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड होई. १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने विवाहाचे किमान वय मुलींसाठी १२ व मुलांसाठी १६ ठरवले. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा १९२९ मध्ये आला. घटस्फोटाचा हक्क देणारा हिंदू कायदा संस्थानात १९३१ मध्ये झाला. मात्र दंड भरूनही बालविवाह लावले जात. रूढीपुढे कायद्याची मर्यादा उघड झाली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेल्या प्राथमिक शिक्षण विधेयकामागे बडोद्याचा अनुभव होता. ते विधेयक नामंजूर झाले.