पिकअपचा ईसीएम बदलायचा? सुरतच्या गॅरेजमध्ये पैसे मोजण्याआधी हे तपासून घ्या

सुरत : नवापूर, नंदुरबार, साक्री भागातून भाजीपाला भरून निघालेल्या पिकअपला पहाटे सुरतचे मार्केट गाठायचे असते. गाडी कडोदऱ्याच्या अलीकडे बंद पडली तर माल दुसऱ्या गाडीत भरावा लागतो, भाडे जाते आणि हप्ता मात्र थांबत नाही. अशा घाईत स्कॅनर लावून कोणी ‘ईसीएम गेला’ म्हटले की मालक लगेच होकार देतो. नवा ईसीएम पाच आकडी रकमेचा असतो आणि इलेक्ट्रिकचा भाग एकदा बसवला की दुकानदार सहसा परत घेत नाही. त्यामुळे ‘ईसीएमच खराब आहे’ हे सिद्ध झाल्याशिवाय तो बदलू नये.

ईसीएम काय करतो?

ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. क्रँक, कॅम, रेल प्रेशर, एक्सलेटर पेडल, कूलंट तापमान अशा सेन्सरांकडून तो माहिती घेतो आणि कोणत्या इंजेक्टरने कधी व किती डिझेल सोडायचे ते ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुराच्या यंत्रणेवरही त्याचेच लक्ष असते. त्यामुळे जुन्या पंपाच्या गाडीसारखा ‘डायरेक्ट’ करून चालवण्याचा जुगाड इथे चालत नाही.

तो खराब कशाने होतो?

- पाणी : सुरतेत पावसाळ्यात खाड्या भरल्या की लिंबायत, पर्वत पाटियाकडच्या सखल भागात पाणी साचते. पाणी वायरिंगमधून झिरपत कपलरपर्यंत जाते, पिना हिरव्या पडतात आणि बिघाड काही महिन्यांनीही निघू शकतो.
- वेल्डिंग : हौदा किंवा जाळीचे काम करताना बॅटरी आणि ईसीएमचा कपलर न काढता आर्क वेल्डिंग केले, तर करंट ईसीएममधून जाऊ शकतो.
- ट्रकचा जंप : हायवेवर बॅटरी बसली की ट्रकवाला मदतीला येतो. पण बहुतेक ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची, पिकअपची १२ व्होल्टची. जंप द्यायचाच असेल तर १२ व्होल्टच्या एकाच बॅटरीवरून, प्लस-मायनस बघूनच द्यावा.
- उंदीर आणि ढिली अर्थिंग : कुरतडलेली वायर बॉडीला टेकली की शॉर्ट होतो. अर्थ गंजली असेल तर ईसीएम चांगला असूनही गाडी झटके देते.

आधी काय तपासावे?

खालील तपासणी मल्टिमीटर असलेला कोणताही चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन करू शकतो. क्रम मात्र हाच ठेवावा.

१. बंद गाडीत चांगल्या बॅटरीचा व्होल्ट साधारण १२.६ असतो. सेल्फ मारताना तो ९.५ च्या खाली गेला, तर आधी बॅटरी आणि तिच्या तारा बघाव्यात.

२. चावी ऑन केल्यावर इंजिनाचा चेक लाईट लागतो का ते पाहावे. लागत नसेल तर ईसीएमचा फ्यूज, मेन रिले आणि अर्थ तपासावी. फ्यूज किंवा रिले काही रुपयांत बदलतो.

३. स्कॅनर जोडलाच जात नसेल तर ओबीडी सॉकेटच्या १६ नंबर पिनवर बॅटरीचा करंट आणि ४ व ५ वर अर्थ आहे का ते बघावे. मग बॅटरी काढून ६ आणि १४ नंबरमधला रेझिस्टन्स मोजावा. बहुतेक गाड्यांत तो ६० ओहमच्या जवळ येतो. तो १२० किंवा शून्याजवळ असेल तर आधी वायरिंगवर संशय घ्यावा.

४. सेन्सरांना ईसीएमकडून ५ व्होल्ट मिळतात. एकच सेन्सर आतून शॉर्ट झाला तरी ही सप्लाय बसते आणि गाडी मेल्यासारखी वाटते. एकेक सेन्सरचा कपलर काढत जावे; जो काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, दोष त्यातच किंवा त्याच्या वायरीत असतो.

कोडही नीट वाचावेत. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचे सर्किट, पी ०६४२ म्हणजे ५ व्होल्टची सप्लाय कमी. यू ०१०० म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला. तो वायरिंगमुळेही येतो. पी ०६०१ आणि पी ०६०६ हे ईसीएमच्या आतल्या दोषाकडे बोट दाखवतात. तरीही करंट आणि अर्थ पक्की आहे हे पाहून, कोड पुसून पुन्हा येतो का ते बघितल्यावरच निकाल द्यावा.

बदलताना

जुन्या ईसीएमच्या लेबलवरचा पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर यांचा फोटो काढून ठेवावा. संपर्क होत असेल तर जुन्यातला डेटा आधी वाचून घ्यावा. चावी बंद करून काही मिनिटे थांबावे, बॅटरीची मायनस काढावी आणि मगच कपलरचा लॉक उघडावा. पिना वाकलेल्या किंवा हिरव्या असतील तर त्या दुरुस्त केल्याशिवाय नवा जोडू नये, नाहीतर तोही जाईल.

नुसता बॉक्स बसवून काम संपत नाही. त्यात गाडीचा चॅसिस नंबर, मॉडेलची फाईल आणि इमोबिलायझर असेल तर चावी भरावी लागते. प्रत्येक इंजेक्टरवरचा कोडही टाकावा लागतो. तो चुकला तर इंजिन खडखडते, धूर मारते. प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्ट पडू नये म्हणून बॅटरीला सपोर्ट लावणे गरजेचे आहे. अर्धवट राहिलेल्या प्रोग्रॅमिंगने नवा ईसीएमही बंद पडू शकतो.

जुना घ्यायचा असेल तर

भंगारातला ईसीएम स्वस्त पडतो. पण नंबर तंतोतंत जुळला पाहिजे आणि आपल्या गाडीचा डेटा त्यात टाकून देणारा माणूस पाहिजे. ‘धुराची यंत्रणा बंद करून फाईल टाकून देतो’ असे कोणी म्हटले तर नाही म्हणावे. प्रदूषणाचे नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार १० हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

वॉरंटी, विमा आणि बिल

गाडी वॉरंटीत असेल तर ईसीएमला बाहेर हात लावू देऊ नये. आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे. विम्यात आपोआप झालेला इलेक्ट्रिकल बिघाड धरत नाहीत. पुरात गाडी बुडाली असेल तर फुल पॉलिसीत दावा करता येतो, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. पाण्यात उभी राहिलेली गाडी सेल्फ मारून बघू नये. फोटो काढावेत, बॅटरी सोडवावी आणि कंपनीला कळवून टो करून न्यावी.

बिलावर नव्या ईसीएमचा पार्ट नंबर, प्रोग्रॅमिंगचा वेगळा खर्च आणि गॅरंटीचे दिवस लिहून घ्यावेत. कामाआधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्टही मागावा. जुना ईसीएम मालकाचा असतो, तो परत घ्यावा. ताब्यात घेण्याआधी गाडी माल भरून थोडी चालवून पाहावी आणि पुन्हा एकदा स्कॅनर लावावा.