मार्च १९७४ : मुंबई घसरली की हरली?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी बंगळूरच्या इतिहासावर काहीतरी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा शहाजीराजांच्या जहागिरीवर लेख येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयावर आमच्याहून अधिकारी मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही त्याऐवजी अगदी अलीकडचा, आपल्या मंडळाच्याच वयाचा एक प्रसंग निवडला आहे. मंडळ स्थापन करण्याच्या गोष्टी चालल्या होत्या त्याच सुमारास, म्हणजे मार्च १९७४ मध्ये, कब्बन पार्कशेजारच्या नव्या क्रीडांगणावर कर्नाटकाने रणजी करंडकाच्या उपान्त्य सामन्यात मुंबईला स्पर्धेबाहेर काढले. बंगळूरमधील मराठी घरांत या घटनेने जी खळबळ उडविली ती राजकारणातल्या पुष्कळ घटनांनी उडविली नसेल. मंडळाच्या जुन्या सभासदांच्या बैठकीत आजही हा विषय निघाला की दोन तट पडतात, म्हणून तो एकदा नीट मांडावा असे आम्हांस वाटले.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. रणजी करंडकाचा पहिला सामना ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रासच्या चेपॉक मैदानावर मद्रास आणि म्हैसूर या संघांत झाला. तो एकाच दिवसात आटोपला. म्हैसूरचे दोन डाव ४८ आणि ५९ धावांत कोसळले. रामसिंग या मद्रासच्या गोलंदाजाने एकट्याने ११ बळी घेतले, आणि एका डावात १३० धावा करूनही मद्रासला डावाने विजय मिळाला. म्हैसूरचा स्पर्धेतील प्रवेश हा असा झाला. पुढे १९४१-४२ साली म्हैसूर अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले, तेव्हा मुंबईने त्यांना एक डाव आणि २८१ धावांनी हरविले. १९५९-६० मध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा मुंबईच, आणि पुन्हा डावाचा पराभव. चाळीस वर्षे ज्या संघाच्या वाट्याला हेच आले त्या संघाच्या चाहत्यांची मनःस्थिती कशी असेल याची कल्पना, जिंकण्याची सवय लागलेल्या आपल्या मुंबईकर मंडळींना सहसा येत नसे.

मुंबईची सवय तरी साधी नव्हती. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ १५ वर्षे करंडक मुंबईकडे राहिला. देवधर मास्तरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी दोन वर्षे तो पुण्यास नेला होता, त्याचा अभिमान पुणेकर अजून बाळगून आहेत. पण पुढे मुंबईच्या वैभवापुढे तोही फिका पडला. १९७०-७१ साली मुंबईचे बिनीचे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. अंतिम सामना महाराष्ट्राशी होता, आणि चंदू बोर्डे यांच्यासारखा कसलेला कर्णधार समोर होता. तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या उरलेल्या मंडळींनी ४८ धावांनी विजय मिळविला. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात तर चेपॉकच्या आखाड्यासारख्या खेळपट्टीवर पद्माकर शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेऊन तमिळनाडूला ८० आणि ६१ धावांत गुंडाळले. असा गोलंदाज कसोटी सामना न खेळता निवृत्त झाला, हे आमच्या मते भारतीय क्रिकेटवरील एक कायमचे ऋण आहे; पण तो विषय वेगळा.

आता १९७३-७४ च्या हंगामाकडे वळू. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव बदलून कर्नाटक झाले, आणि त्याच हंगामापासून संघही कर्नाटक या नावाने उतरू लागला. आजच्या तरुण वाचकांना नावातील हा फेरफार कागदोपत्री वाटेल. तेव्हा तो तसा नव्हता. महाजन आयोगाचा अहवाल येऊन सहा वर्षे झाली होती, बेळगावची जखम ओली होती, आणि बंगळूरमधल्या पुष्कळ मराठी घरांचे सोयरेधायरे त्या सीमाभागात होते. शेजारी सज्जन, घरमालक सज्जन, कचेरीतले सहकारी मित्र. परंतु सीमेचा विषय निघाला की दोन्ही बाजूंनी चहाचे पेले खाली ठेवून विषय बदलायचा, असा अलिखित संकेत होता. अशा वेळी नव्या नावाचा संघ मुंबईपुढे उभा राहणार होता, तोही बंगळूरमध्येच.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. बंगळूरचा मराठी माणूस हा एकच नव्हे. पेठांतून पिढ्यान् पिढ्या राहिलेली भावसार, नामदेव शिंपी आणि मराठा घराणी घरात आपल्या वळणाची मराठी बोलत आणि उंबरठ्याबाहेर कानडी. त्यांच्यापुढे कोणताच पेच नव्हता, त्यांचा संघ म्हैसूरचा. पेच होता तो आमच्यासारख्या नोकरीपायी आलेल्यांपुढे. १९४० साली वालचंद हिराचंद यांनी येथे विमानांचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर टेलिफोनचा, घड्याळे व यंत्रे करणारा, इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा असे सरकारी कारखाने उभे राहिले. केंद्र सरकारच्या कचेऱ्या वाढल्या. त्या निमित्ताने मुंबई, पुणे, नागपूर, सांगलीकडची माणसे येथे आली. ती निवृत्तीनंतर परत जाण्याच्या बोलीवर राहात, आणि बहुतेक जण परत गेले नाहीत. त्यांची मुले मात्र येथेच शाळेत जात होती, गल्लीत कानडी मुलांबरोबर खेळत होती, आणि प्रत्येकाला विश्वनाथ व्हायचे होते.

आणि व्हावेसे का वाटू नये? गुंडप्पा विश्वनाथ यांनी १९६७ साली रणजी पदार्पणातच आंध्राविरुद्ध २३० धावा केल्या होत्या, आणि १९६९ मध्ये कानपूरला पहिल्याच कसोटीत शून्यावर बाद झाल्यावर दुसऱ्या डावात १३७. कर्णधार एरापल्ली प्रसन्ना यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करण्यासाठी ऐन उमेदीची काही वर्षे कसोटी क्रिकेट बाजूला ठेवले होते. मराठी मध्यमवर्गीय बापाला मुलापुढे ठेवण्यास याहून चांगले उदाहरण कोठे मिळणार! पोलिओने क्षीण झालेल्या हाताने चेंडू टाकणारे चंद्रशेखर यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेतले, तेव्हा भारताचे कर्णधार होते अजित वाडेकर. त्या विजयाचे पेढे याच घरांत वाटले गेले होते. अडीच वर्षांनी तेच वाडेकर, तेच गावसकर आणि तेच चंद्रशेखर-विश्वनाथ समोरासमोर आले. शत्रू म्हणावे असे कोणी नव्हतेच, आणि खरी अडचण तीच होती.

हा सामना झाला ते क्रीडांगण तेव्हा पुरते बांधून झालेले नव्हते. तोवर म्हैसूरचे मोठे सामने सेंट्रल कॉलेजच्या मैदानावर होत. आज चिन्नस्वामी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नव्या जागेवर पहिला कसोटी सामना नोव्हेंबर १९७४ मध्ये, म्हणजे या प्रसंगानंतर आठ महिन्यांनी झाला. दूरदर्शन बंगळूरला यायचे होते १९८१ साली. तेव्हा ज्यांना मैदानावर जाणे जमले नाही त्यांची सारी भिस्त कानांवर आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांवर होती.

कर्नाटकाने प्रथम फलंदाजी करून ३८५ धावा केल्या. त्यांत विश्वनाथ यांच्या १६२ आणि ब्रिजेश पटेल यांच्या १०६. म्हणजे ३८५ पैकी २६८ धावा दोघांनीच काढल्या. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो, हा रणजीचा नियम. त्यामुळे मुंबईला ३८६ धावा करणे भाग होते, आणि १५ वर्षांचा अनुभव पाहता त्या होतील याविषयी मुंबईकरांना शंका नव्हती. प्रसन्ना यांनी गावसकरांचा ३० धावांवर त्रिफळा उडविला. त्या चेंडूचे वर्णन करताना बंगळूरचे जुने रसिक आजही हाताने हवेत एक वळण काढून दाखवितात. आम्ही निदान सहा जणांच्या हातांची वळणे पाहिली आहेत आणि त्यांतली कोणतीही दोन सारखी नाहीत. अशोक मांकड यांनी ८४ धावा करून किल्ला लढविला. कर्णधार वाडेकर ६२ वर पोहोचले, आणि धाव घेताना पाय घसरून धावचीत झाले. मुंबईचा डाव ३०७ वर संपला. आघाडी ७८ धावांची. सामना अनिर्णित राहिला आणि मुंबई स्पर्धेबाहेर गेली.

वाडेकरांचे हे घसरणे म्हणजेच आपल्या दोन तटांचा मूळ विषय. एक पक्ष म्हणतो, बूट नवे होते, तळ रबरी होता, पाय घसरला नसता तर मुंबई हरली नसती. आमच्या लहानपणी दादरच्या चाळीतून हीच कथा आम्ही इतक्या वेळा ऐकली की मुंबईचा पराभव एका चांभाराने केला असे वाटावे. (आम्ही त्या वेळी शाळेतही जात नव्हतो, तेव्हा आमचे ज्ञान ऐकीव आहे हे उघडच आहे.) बंगळूरला बदली होऊन आल्यावर दुसरी बाजू प्रथमच कानी आली, आणि धावफलक समोर ठेवून विचार केला असता ती आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते. वाडेकर बाद झाले तेव्हा धावफलकावर ३८५ हा आकडा आधीच लागलेला होता. तो घसरून आलेला नव्हता. ज्या गोलंदाजीने एकच वर्षापूर्वी शेजाऱ्यांचे डाव शंभराच्या आत गुंडाळले असे आपण अभिमानाने सांगतो, तिच्यासमोर दोन फलंदाजांनी शतके काढली. गावसकरांना चेंडूने बाद केले, बुटाने नव्हे. आणि धावचीत करण्यासाठी चेंडू अडवून नेमका फेकणारा क्षेत्ररक्षकही लागतो, ही गोष्ट आपल्या कथेत कोणी सांगत नाही. पंधरा वर्षे मुंबई जिंकत होती तेव्हा इतरांचे पाय घसरले म्हणून जिंकली, असे आपण कधी म्हटले होते काय? मग त्यांच्या विजयाला अपघात म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मुंबई त्या वेळी घसरली नाही. ती हरली.

हे आम्ही इतक्या आग्रहाने मांडतो याचे कारण क्रिकेटपुरते नाही. ज्या घरांतून अपघाताची कथा सांगितली गेली, त्या घरांतली मुले तिच्यावर विश्वास ठेवीत नव्हती. मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस सांगितले, की मुंबईचा डाव संपल्याची बातमी आली तेव्हा ते खिन्न होऊन बसले होते, आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा अंगणात शेजारच्या मुलांबरोबर नाचत होता. त्यांनी त्याला आत बोलावले. तो आला, बापाचा चेहरा पाहून गप्प उभा राहिला, आणि मग त्याने विचारले, ‘‘बाबा, आपण हरलो की जिंकलो?’’ त्यांना उत्तर देता आले नाही. ‘‘जा, खेळ,’’ एवढेच ते म्हणाले. तोवर घरात ‘आपण’ या शब्दाचा अर्थ विचारण्याची कोणावर वेळ आली नव्हती.

पुढचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. जयपूरच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने राजस्थानचा १८५ धावांनी पराभव करून करंडक प्रथमच बंगळूरला आणला. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात मुंबईने कर्नाटकाला हरवून तो परत नेला, आणि अपघातवाद्यांना काही काळ बळ आले. पण १९७७-७८ मध्ये कर्नाटक पुन्हा जिंकले, आणि १९८२-८३ मध्ये तर मुंबईतच मुंबईला मागे टाकून. त्याआधी १९८१-८२ च्या उपान्त्य सामन्यात बंगळूरला रघुराम भट यांच्या फिरकीने मुंबईची अशी त्रेधा उडविली की त्यांच्यासमोर गावसकर डावखुऱ्या पवित्र्यात उभे राहिले. तेव्हा मात्र बुटाची गोष्ट कोणी काढली नाही.

दरम्यान विश्वनाथ यांचा विवाह गावसकरांच्या भगिनी कविता यांच्याशी झाला. जावई म्हटल्यावर १६२ धावांचाही राग धरता येत नाही. मराठी घरांतील निम्मा वाद या एका सोयरिकीने मिटला असे आमचे मत आहे.

उरलेला निम्मा पुढच्या पिढीने मिटविला. इंदूरला जन्मलेला आणि बंगळूरला वाढलेला, मराठी घरातला एक महाविद्यालयीन विद्यार्थी फेब्रुवारी १९९१ मध्ये कर्नाटकाकडून पहिला रणजी सामना खेळला. सामना होता पुण्यात, महाराष्ट्राविरुद्ध. राहुल द्रविड यांनी त्यात ८२ धावा केल्या. त्या दिवशी ‘आपण’ कोण, हा प्रश्न आमच्या माहितीच्या एकाही घरात निघाला नाही. सर्वांनी फक्त शतक हुकल्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

शेवटी एक विनंती. मार्च १९७४ च्या त्या सामन्याची तिकिटे, वर्तमानपत्रांची कात्रणे किंवा छायाचित्रे ज्या सभासदांच्या घरी जपून ठेवलेली असतील त्यांनी ती, अथवा त्यांच्या प्रती, मंडळाच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. मराठी, कानडी, इंग्रजी कोणत्याही भाषेतली चालतील. कानडी कात्रणांचे मराठी भाषांतर करून ठेवण्याचे काम आम्ही स्वतः करू; कानडी लिपी आम्हांस आता बऱ्यापैकी वाचता येते.