साडेचार फुटांचा आडोसा

आमच्या लहानपणी ओसरीवरच्या खिळ्याला एक वाकडी तार टांगलेली असे. आलेले पत्र सर्वांचे वाचून झाले की त्या तारेत खुपसायचे, अशी घरची रीत. मामाचे कार्ड, आत्याचे आंतरदेशीय, कोणाच्या सोयरिकीचा नकार, सारे एकाच तारेवर. पोस्टमनने कार्ड वाटेतच वाचलेले असे. त्याचाही कोणाला राग येत नसे. माझी थोरली बहीण तेवढी मैत्रिणीची पत्रे उशीच्या अभ्र्यात ठेवी. आईला ते ठाऊक होते. अंथरुणे आवरताना ती उशी जपून उचली, पण तिने अभ्र्यात कधी हात घातला नाही.

सरकारने मात्र तसा हात घालण्याची सोय फार पूर्वीच करून ठेवली होती. १८८५ चा तारायंत्राचा कायदा आणि १८९८ चा टपालाचा कायदा, दोन्ही इंग्रजांचे. सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षितता एवढे कारण सांगितले की तार अडविता येई, पत्र थांबविता येई. इंग्रज गेला, कलमे राहिली. १९८६ साली टपालाचे हे अधिकार वाढविणारे विधेयक संसदेने मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. पुढे १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन चोरून ऐकण्याला काही बंधने घातली.

ही भांडणे मोठ्या माणसांची. मुले त्यात आली ती इंटरनेटमुळे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि चारपाच वर्षांत गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. लाकडी फळ्यांचे खुराडे, आत एक संगणक, तासावर भाडे. फळीआड मुले काय पाहतात या चिंतेने २००१ साली मुंबई उच्च न्यायालयाकडे एक पत्र आले. मौज पाहा, पत्रच! न्यायालयाने त्यालाच याचिका मानले आणि एक समिती नेमली. मुलांना फळीआड बसवू नये, मोकळ्या जागेतच बसवावे, आणि येणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, अशा तिच्या शिफारशी होत्या. २०११ साली केंद्र सरकारने देशभरासाठी नियम केले. आडोसा जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नको. आडोसा नसलेल्या संगणकाचा पडदा खोलीकडे तोंड करून हवा. आणि प्रत्येकाची नोंद निदान वर्षभर जपून ठेवायची.

ही नोंद म्हणजे काय, ते मला चांगले आठवते. आमच्या तालुक्याच्या गावी गल्ल्यावर एक लांबोडकी वही उघडीच पडलेली असे. नाव, पत्ता, फोन, सही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी एका विद्यार्थिनीला तिथे धाडले. 'नियम आहे, सगळे नीट लिही,' असेही वर बजावले. पोर आज्ञाधारक. आठवड्याच्या आत तिच्या घरी नको ते फोन येऊ लागले. मागून आलेल्या कुणा टवाळाने वहीतून आकडा उतरून घेतला होता. वडिलांनी तिचे कॅफेत जाणेच बंद केले. अर्ज अर्धवट राहिला, मुदत टळली. वहीचा नियम मुलांच्या रक्षणासाठी होता, हे तिच्या वडिलांना सांगायचा मला धीर झाला नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर आला २०२३ चा कायदा. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी, असे तो म्हणतो. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले आणि या कलमाच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली. हेतू चांगलाच आहे. पण मूल कोण हे ओळखायचे, तर मोठा कोण हेही तपासावे लागणार. आणि हा बाप खरोखरच बाप आहे, हेही कुठेतरी नोंदवावे लागणार. मला ती गल्ल्यावरची वही आठवते. ती आता कोणाच्या गल्ल्यावर, किती जणांपुढे उघडी असेल, हे पानावर नाव लिहिणाऱ्याला दिसत नाही, एवढाच फरक.

बरे, आम्ही पालक तरी काय करतो? शाळेत सभेला येतात आणि म्हणतात, 'गुरुजी, सरकारने हे बंदच करायला हवे.' एवढे बोलून होते न होते तोच मांडीवरचे लेकरू रडते, आणि खिशातला फोन त्याच्या हाती जातो.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. रात्री नऊला तिचा फोन स्वयंपाकघरातल्या फडताळावर जातो. माझाही जातो, कारण ती अट तिने घातली होती. तिच्या फोनचा परवलीचा शब्द मी विचारलेला नाही. हिला ते पसंत नाही. आमची त्यावरून चकमक उडते, आणि दर वेळी माझीच बाजू खरी असते असेही नाही. परवा जेवताना मुलीने आपणहून फोन पुढे केला.

"बाबा, हा कोण आहे बघा ना. सारखा माझ्या शाळेचे नाव विचारतोय."

मी हात धुतला, चष्मा शोधला, आणि आम्ही तिघे दिव्याखाली ते वाचत बसलो.