ईसीजीच्या पट्टीवरील चुकलेली लय

हृदयाचा विद्युत् आलेख, म्हणजेच ईसीजी, हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी काढला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा असला तरी अपुरा आहे. हृदयाची लय बिघडली आहे का आणि बिघाड नेमका कोणता, याचा निर्णय मुख्यतः हाच आलेख देतो. डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइंथोव्हेन यांनी आलेखातील उंचवट्यांना 'पी', 'क्यू', 'आर', 'एस', 'टी' ही अक्षरे दिली. या कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यामुळे लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, तर मोठा ०.२ सेकंदाचा होतो. लागोपाठच्या दोन 'आर' शिखरांमधील मोठे चौकोन मोजून त्या संख्येने ३०० ला भागले की मिनिटाचे ठोके मिळतात. चार चौकोन असल्यास ७५. लय अनियमित असेल, तर मात्र हा हिशेब फसतो. अशा वेळी दहा सेकंदांच्या पट्टीतील ठोके मोजून त्यांना सहाने गुणतात.

निरोगी आलेखात प्रत्येक 'क्यूआरएस'पूर्वी एक 'पी' लहर असते. वरच्या कप्प्यांच्या, म्हणजे कर्णिकांच्या, आकुंचनाची ती वर्दी होय. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात ही लहरच नाहीशी होते. कर्णिका मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसत्या थरथरतात, आधाररेषा बारीक कापरी दिसते आणि 'आर' शिखरांमधील अंतरात कोणताही मेळ राहत नाही. रुग्णाला धडधड जाणवेलच असे नाही, आणि धोका नेमका इथेच आहे. थरथरणाऱ्या डाव्या कर्णिकेत रक्त साकळते, गुठळी मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो. या विकारात ही शक्यता सुमारे पाच पट वाढते. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांना तर तो ऐन तारुण्यातही गाठतो. गुठळी रोखण्यासाठी ॲस्पिरिन पुरेशी नसते. रक्त पातळ ठेवणारी अन्य औषधे लागतात.

मात्र प्रत्येक चुकलेला ठोका म्हणजे फिब्रिलेशन नव्हे. नियमित लयीत मध्येच एखादा रुंद ठोका लवकर येतो आणि मागोमाग किंचित विराम पडतो, तेव्हा तो जवनिकेतून उठलेला अवेळी ठोका असतो. हृदय अन्यथा निरोगी असल्यास तो बहुधा निरुपद्रवी ठरतो. याउलट, अगदी नियमित आणि मिनिटाला १५० च्या आसपास अडून राहिलेली गती संशयास्पद मानावी. करवतीच्या दात्यांसारख्या लहरींचा एट्रियल फ्लटर तिच्यामागे दडलेला असू शकतो.

'क्यूआरएस' ०.१२ सेकंदाहून रुंद आणि गती वेगवान, हे चित्र सर्वांत गंभीर. अन्यथा सिद्ध होईपर्यंत तो व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाच समजायचा, असा वैद्यकातील दंडक आहे. रुग्ण शुद्धीवर आहे, बोलतो आहे, एवढ्यावरून तो नाकारणे ही घातक चूक ठरू शकते. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये तर 'क्यूआरएस' उरतच नाही, रुग्ण कोसळतो आणि विजेचा झटका तात्काळ द्यावा लागतो. गमतीचा भाग असा, की कंपवाताच्या रुग्णाचा हात कापत असला किंवा थंडीने हुडहुडी भरली, तरी पट्टीवर असाच गोंधळ उमटतो. त्या गोंधळातून ठरावीक अंतराने डोकावणारी 'आर' शिखरे शोधली की खोटेपणा उघडा पडतो. तसा संशय आला, तर यंत्राआधी रुग्णाकडे पाहावे हे उत्तम.

यंत्राने वर छापलेला निष्कर्ष सोयीचा असला, तरी लयीच्या बाबतीत तो चुकतो. तज्ज्ञाने पट्टी स्वतः वाचणे आवश्यक असते. शिवाय दहा सेकंदांत लय ठीक असली, म्हणजे दिवसभर ठीक असते असे नाही. त्यासाठी २४ तास किंवा अधिक काळ अंगावर बाळगायचा होल्टर असतो. अलीकडची मनगटी घड्याळेही एका लीडचा आलेख काढतात. त्यांचा इशारा दुर्लक्षू नये, पण निदान डॉक्टरांनी आलेख पाहूनच व्हावे.

जुने ईसीजी जपून ठेवावेत. आज दिसणारा बदल नवा की जुना, हे तुलनेनेच कळते. बहुतेक यंत्रांचा कागद उष्णतेने उमटणारा असल्याने काही वर्षांत तो फिका पडतो, म्हणून त्याची झेरॉक्स काढून फाइलमध्ये लावावी.